अर्थक्षय

डोक्यावर इलेक्ट्रोडची टोपी घालून ओरथाय खुर्चीत बसली होती. तिच्या कानांत एकेक थाई शब्द ऐकू येत होता आणि काचेपलीकडच्या खोलीत, पडद्यावर, तिच्या मेंदूतली लहर उमटत होती. ‘मीठ’ ऐकल्यावर लहरीने लहानशी उसळी घेतली. ‘साप’ ऐकल्यावर मोठी. ‘मुलगी’ या शब्दाला ती पडद्याच्या वरच्या कडेला जाऊन टेकली. मग ‘कतन्यू’ हा शब्द आला. कतन्यू म्हणजे कृतज्ञ, पालीतून तिकडे गेलेला आपल्याकडचाच शब्द. लहर जागची हलली नाही.

काचेमागे बसलेल्या डॉ. हेमांगी वैशंपायनने चष्मा काढून डोळे चोळले.

“हिचंही तेच,” ती म्हणाली.

“माझ्या बहिणीचं तरी वेगळं निघेल असं वाटलं होतं,” शेजारी बसलेला डॉ. अनुचित म्हणाला.

हेमांगी मूळची मिरजेची. थायलंडच्या ईशान्य भागातल्या खोन केन शहरात, विद्यापीठाच्या मेंदूविज्ञान प्रयोगशाळेत तिची उमेदीची सगळी वर्षं गेली होती. अनुचित हे नाव पहिल्यांदा कानावर पडलं तेव्हा तिला हसू आवरलं नव्हतं, आणि का हसतेय ते सांगितल्यावर तोही हसला होता. हल्ली दोघं फारसं हसत नसत. मूल्यशिक्षण मंडळाने सोपवलेलं काम संपत आलं होतं, आणि निष्कर्ष मंडळाला आवडण्यासारखा नव्हता.

देशभरातल्या शाळांत रोज सकाळी मुलं ध्वजाखाली उभी राहून राष्ट्रीय मूल्यं एका सुरात म्हणत. कृतज्ञता, वडीलधाऱ्यांचा मान, प्रामाणिकपणा, शिस्त, स्वतःआधी देश. ही मूल्यं मुलांच्या मनात किती रुजली हे मंडळाला जाणून घ्यायचं होतं. लेखी परीक्षेत सगळेच पैकीच्या पैकी गुण मिळवत, त्यामुळे त्यावरून काही कळत नव्हतं. हेमांगीने तयार केलेल्या अर्थमापकाला मात्र फसवता येत नसे. शब्द कानावर पडल्यावर त्याचा अर्थ मनात खरोखर उमटला, तरच मेंदूत एक ठरावीक लहर उठते. हेमांगी तिला अर्थलहर म्हणत असे.

ओरथाय केसांतला चिकट लेप पुसत बाहेर आली. गावच्या शाळेत ती शिकवायची. सकाळची मूल्यं माइकवरून तीच सांगायची आणि मुलं तिच्यामागून म्हणायची.

“काय निघालं, पी हेमा?” तिने विचारलं. पी म्हणजे ताई.

हेमांगीने लपवलं नाही. “मूल्यांचे शब्द तुझ्या कानापर्यंत पोचतात. पुढे जात नाहीत.”

ओरथाय जवळच्या खुर्चीवर टेकली. “मागच्या आठवड्यात एका मुलाने दुसऱ्याच्या दप्तरातला डबा चोरून खाल्ला,” ती म्हणाली. “मी त्याला म्हटलं, प्रामाणिकपणा कुठे गेला रे? तर म्हणाला, ‘तिसरा, क्रू.’ उलट उत्तर म्हणून नाही हं. मी यादीतला क्रमांक विचारतेय असंच त्याला वाटलं.” क्रू म्हणजे शाळेतल्या बाई.

“मग तू काय केलंस?”

“बरोबर आहे म्हटलं आणि बस म्हणून सांगितलं. दमले होते मी.”

महिनाभराने हेमांगी आणि अनुचित निष्कर्ष सांगायला बँकॉकला गेले. मंडळाचे संचालक खुन प्रसित मोठ्या टेबलामागे एकटेच बसले होते. खुन म्हणजे श्रीयुत. साठीला टेकलेले, सावकाश बोलणारे. त्यांच्या खिडकीतून खालचा चौक दिसत होता. तिथे महिनोन्‌महिने विद्यार्थ्यांचं धरणं चालू होतं. न्याय, स्वातंत्र्य आणि प्रश्न विचारण्याचा हक्क, एवढ्या तीन गोष्टी त्यांना हव्या होत्या. पोलिसांनी त्यांना बऱ्याचदा हुसकावलं होतं आणि दर वेळी ते आणखी मोठ्या संख्येने परतले होते. ओरथायची मुलगी फिम त्यांच्यातच होती. मधे काही आठवडे ती कोठडीतही राहून आली होती. काच बंद असूनही घोषणा आत ऐकू येत होत्या. युत्तिथम, युत्तिथम. न्याय, न्याय.

“एकच शब्द दहा-वीस वेळा मोठ्याने म्हणून बघा,” अनुचितने सुरुवात केली. “तो अनोळखी वाटायला लागतो. हे लहान मुलांनाही माहीत असतं. पण थोड्या वेळाने अर्थ परत येतो. आम्हाला सापडलं ते याच्यापुढचं आहे.”

“कधीकधी तो परत येत नाही,” हेमांगी म्हणाली. “शब्द रोज म्हटला, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या क्रमाने, घोळक्यात, आणि त्याबद्दल कुणी कधी काही विचारलं नाही, तर मेंदू तो शब्द समजून घेण्याचं काम सोडून देतो. चालताना पाय उचलावा तशी ती नुसती तोंडाची हालचाल होते. याला आम्ही अर्थक्षय म्हणतो. पहिलीतल्या मुलांची अर्थलहर चांगली असते. वरच्या वर्गांत ती उरतच नाही. शिक्षकांत तर नाहीच.”

ती थांबली. आता आरडाओरडा होईल, निदान खर्चाचा विषय तरी निघेल, असं तिला वाटलं होतं. खुन प्रसितनी चहा पुढे सरकवला.

“आजान,” ते म्हणाले. तिकडे प्राध्यापकांना अशीच हाक मारतात. “हे फक्त आमच्या मूल्यांचं होतं, की कुठल्याही शब्दाचं?”

“कुठल्याही. आम्ही फळांची नावं घेऊनही पाहिलं.”

“माणसाला एखादा शब्द जिवापाड आवडत असेल तर?”

“वेळ जास्त लागतो. पण होतं तेच.”

“आणि शाळेबाहेर? तोच शब्द त्याने नंतर रस्त्यात ऐकला, कुणी कळवळून म्हटला, तर लहर उठते का?”

“नाही. शब्द सगळीकडेच मुका होतो. अडचण तीच तर आहे.”

“मोठ्या माणसांचंही असंच होतं?”

“ती रोज म्हणत असतील तर हो.”

आणखी बराच वेळ ते विचारत राहिले आणि हेमांगी मनापासून सांगत राहिली. कितीतरी वर्षांनी एका सरकारी माणसाने नेमके प्रश्न विचारले होते. शेवटी तिने शिफारस सांगितली. रोजचं पठण बंद करावं. त्याऐवजी मुलांना प्रसंग द्यावेत, त्यांना वाद घालू द्यावेत, चुकू द्यावं.

“तुमचं काम फार मोलाचं आहे,” खुन प्रसित म्हणाले. दोन्ही हात जोडून, मान लववून त्यांनी निरोप दिला.

परतीच्या बसमध्ये अनुचित म्हणाला, “ऐकून तरी घेतलं.”

“हो ना,” हेमांगी म्हणाली आणि खिडकीला डोकं टेकून झोपली.

उन्हाळ्याची सुट्टी संपता संपता घोषणा झाली. प्रयोगशाळेतला टीव्ही चालू होता. पडद्यावर खुन प्रसित बोलत होते. तरुणांची भावना मंडळाने ओळखली आहे. येत्या सत्रापासून राष्ट्रीय मूल्यांत न्याय, स्वातंत्र्य आणि प्रश्न विचारण्याचं धैर्य यांचा समावेश होईल. देशातल्या प्रत्येक शाळेत आणि महाविद्यालयात ही मूल्यं रोज सकाळी सर्वांनी मिळून म्हणायची आहेत. मग चौक दिसला. मुलं एकमेकांच्या गळ्यात पडून रडत होती, कुणी तंबू उतरवत होतं.

अनुचितने आनंदाने टाळी वाजवली आणि हेमांगीकडे पाहिलं. तिचा चेहरा पाहून त्याचा दुसऱ्या टाळीसाठी उचललेला हात तसाच राहिला.

“अरे देवा,” तो हळूच म्हणाला.

हेमांगीने बँकॉकला फोन लावला. खुन प्रसित लगेच बोलायला आले.

“तुम्ही हे जाणूनबुजून केलंत,” ती म्हणाली.

“आजान, तुमचं संशोधन आम्ही फार बारकाईने वाचलं,” ते शांतपणे म्हणाले. “दोन वर्षं त्या मुलांवर पाण्याचे फवारे मारून झाले, खटले भरून झाले. काही उपयोग झाला? आता एकालाही खरचटलं नाही. मुलं खूश आहेत, आईबाप खूश आहेत. मलाही रात्री झोप लागते.”

“मी लोकांना सांगेन.”

“काय सांगाल? शाळेत मुलांना न्याय हा शब्द म्हणू देऊ नका?” त्यांच्या आवाजात कुचेष्टा नव्हती. तेही थकलेले वाटत होते. “जरूर सांगा. मी अडवणार नाही.”

हेमांगीने दोन वर्तमानपत्रांना लिहिलं. एकाने छापलं नाही. दुसऱ्याने छापलं, आणि परदेशी प्राध्यापिकेचा न्यायाच्या शिक्षणाला विरोध, असं शीर्षक दिलं. विद्यार्थ्यांनी तिच्या खोलीबाहेर उभं राहून निषेध केला. अनुचितने त्यांना समजावून पाहिलं. त्यांनी त्याचं ऐकून घेतलं आणि सरकारने त्याला किती पैसे दिले असं विचारलं.

सत्र सुरू होण्याच्या आदल्या दिवशी ती ओरथायकडे गेली. ओरथाय अंगणात गणवेशाला इस्त्री करत होती. घरातून फिमचा आवाज येत होता. ती फोनवर कुणाशी तरी खिदळत होती. हेमांगीने खालच्या आवाजात सगळं सांगितलं. ओरथाय ऐकत होती, पण तिची इस्त्री थांबली नाही.

“म्हणजे उद्या मी हे म्हणवून घेतलं, तर काही वर्षांनी...” तिने वाक्य अर्धवट सोडलं.

“हो.”

“आणि नाही म्हणवून घेतलं तर? माइकसमोर उभं राहून सांगू, की मुलांनो, न्याय सोडून बाकीचं म्हणा?” तिने इस्त्री उभी ठेवली. “कोठडीतून सुटून आली तेव्हा फिम दोन दिवस नुसती झोपून होती, पी हेमा. याच शब्दासाठी ती आत गेली होती. तिच्या आईनेच तो गाळायचा?”

“वर्गात शिकव. पठणानंतर मुलांना त्यावर बोलायला लाव. त्याने क्षय लांबतो.”

“वर्गात बावन्न मुलं आहेत आणि दुपारी तपासणीचे तक्ते भरायचे असतात. जमेल तेवढं करीन.” मग ती म्हणाली, “फिमला मात्र सांगू नका. निदान उद्या तरी नको.”

सकाळी हेमांगी शाळेच्या कुंपणाशी जाऊन उभी राहिली. ध्वज वर गेला. ओरथायने माइक हातात घेतला, क्षणभर थांबली आणि जुनी मूल्यं सांगू लागली. मुलं नेहमीच्या झोपाळलेल्या सुरात म्हणत गेली. मग नवी आली. ओरथायचा आवाज जरा चिरकला.

“युत्तिथम!” मुलं ओरडली.

शब्द नवा होता, टीव्हीवर गाजलेला होता. पुढच्या रांगेतल्या लहानग्यांनी तो जीव तोडून म्हटला. एका मुलीने तर मूठही उगारली. मोठी मुलं ताठ उभी राहिलेली इतक्या लांबूनही दिसत होती. अर्थमापकाची गरज नव्हती. त्या मैदानावर त्या क्षणी सगळ्यांना तो शब्द पुरता समजला होता.

फिम कुंपणाला धरून उभी होती. तिने मुलांबरोबर तो शब्द म्हटला, डोळे पुसले आणि हेमांगीकडे वळून हसली.

“आता रोज म्हणतील ना, पी?”

“हो,” हेमांगी म्हणाली. “रोज.”