हँडब्रेकचे दोन खटके

पांढरी अ‍ॅम्बेसेडर गॅरेजच्या दारात आली ती पुढच्या डाव्या चाकातून धूर काढतच. वाशीमकडच्या या मालेगावात असली गाडी आता कुणाकडे राहिलीय? सुकेशनी हातातला पाना टाकून उठलीच. वडील, देवमन मिस्त्री, ट्रॅक्टरखाली शिरलेले. त्यामुळे हे गिऱ्हाईक तिच्याच वाट्याला आलं.

"आजोबाची गाडी हाये. ब्रेक दाबला का सोडतच नाई..." उतरलेला तरुण म्हणाला. इंझोरीचा संघदीप. बोलता बोलता गाडीच्या टपावरून असा मायेनं हात फिरवत होता, की सुकेशनीला उगाच हसू फुटलं.

तिनं जॅक लावला. चाक जाम! मग ब्रेकच्या मागचा बारका नट जरासा सैल केला... तेल पिचकन उडालं आणि चाक भिरभिर फिरायला लागलं.

"रबरी पाइप आतून फुगला. तेल जाते, पन वापस येत नाई."

"मी तसा नाई," तो तिच्याकडे बघत म्हणाला. "मी वापस येतो."

"नवा पाइप टाकून देते. मंग यायचं कामच नाई पडनार!"

पण आला की बेटा! थोड्याच दिवसांत, हरभऱ्याच्या ओल्या टहाळाची पेंढी घेऊन. म्हणे, ब्रेक पुन्हा चिकटून राह्यले. सुकेशनीनं चाकं खोलली, पुसली, पुन्हा बसवली. दोष काही सापडेना. मग दोघं बोनटवर टहाळ ठेवून हरभरे सोलत बसली. हिवाळ्याचं ऊन, बोटांना हिरवा आंबूस वास...

"इतक्या दूर काहून येता? वाशीमले मिस्त्री नाईत काय?"

"हायेत ना. पन ते नुसते गाडीकडंच पायतात."

सुकेशनी कानापर्यंत लाल झाली. त्या रात्री तिला पाइप, नट काही आठवलं नाही. आठवत राहिलं ते एवढंच वाक्य.

तिसऱ्यांदा तो आला तेव्हा मात्र गॅरेजात गर्दी होती. "पोरीच्या हातचं काम, असंच होनार!" कुणीतरी खिदळलं. तिच्या जिवाला ते लागलं. तिनं चाकांना हात लावून पाहिला. पुढची दोन्ही थंडगार. मागची दोन्ही सारखीच तापलेली, जळक्या लायनिंगचा वास. हँडब्रेक धरतो तो फक्त मागच्या चाकांना. झटक्यात उमगलं... हा गडी हँडब्रेक दोन खटके ओढून गाडी चालवत आलाय! मुद्दाम!

तिनं वर पाहिलं. तो चोरी पकडली जायची वाटच पाहत होता, ओठांत हसू दाबून.

तेव्हा हसायला हवं होतं. पण भोवती सगळे बघत होते, आणि सुकेशनीचा स्वभाव म्हणजे आधी तोंड, मग मन.

"हँडब्रेक ओढून चालवता अन् माह्या कामाची इज्जत घालवता? चालवता येत नसन तर इकून टाका गाडी!"

त्याचं हसू विझलं. "मले वाटलं, तुमी हासान..." एवढंच हळू म्हणाला आणि निघून गेला.

संध्याकाळपर्यंत तिचा राग उतरला, आणि उरली ती नुसती चुटपुट. त्याचा नंबर होता तिच्याकडे. आज लावू, उद्या लावू... आपण का नमायचं, त्यालाच गरज असेल तर येईल. असं करता करता उन्हाळा लागला.

आणि एका सकाळी अ‍ॅम्बेसेडर दारात! सुकेशनी धावतच बाहेर आली. स्टिअरिंगवर कुणी किसनसिंग होता.

"म्या इकत घेतली. लग्नाले भाड्यानं देतो. रविवारी संघदीपलेच न्याचं हाये, नवरदेव हाये तो. त्यानंच सांगतलं, ब्रेक सुकेशनीकडूनच पाहून आन, दुसऱ्याचा भरोसा नाई."

तिनं चारी चाकं उचलून फिरवली. कुठंतरी काहीतरी अडावं, गाडी रविवारी निघूच नये, असं पापी मन म्हणत होतं. पण चाकं फिरत राहिली. तिचंच काम होतं, चोख.

मग ती आत बसली आणि हँडब्रेक ओढला. खट्... खट्. गावाच्या वेशीवर तो असाच ओढत असेल, एकटाच हसत. तिला रडू आलं. तिनं दांडी पार खाली सोडली आणि उतरली.

"त्याईले काही सांगू?" किसनसिंगनं विचारलं.

"काही नाई... म्हना, चाकं मोकळी हायेत."

गाडी निघाली. वळणापर्यंत कुठंही अडली नाही.