सराईमागचा कोठा

"शुभा, त्या माणसाले उगाच हिंडवू नको. झडीचे दिवस आहेत," आई म्हणाली होती. मी हसून प्रगतीच्या तोंडात वरणभाताचा घास सारला. आईला काय, जरा कोणी शिंकलं की दवाखाना दिसतो!

तो पहिल्यांदा भेटला जुन्या सराईच्या ओसरीत; आमची शाळा तिथंच भरते. शाळा सुटली होती. दिवसभर शिकवून माझे डोळे मिटत होते, पण चार वर्षांच्या पोरीची आई डोळे मिटते कुठं? मी प्रगतीचे ओले केस पदरानं पुसत होते. समोर हा उभा... गळ्यात मोजपट्टी, हातात निजामाच्या काळातल्या नकाशाची झेरॉक्स.

"मॅडम, इथं सराईच्या शेतीचा कोठा होता ना? मुसाफिरांचेही बैल बांधत तिथं. कुठं गेला?"

"कोठा काय चालत जाते का?"

"गेलाच दिसते. नकाशात आहे, जमिनीवर नाही."

कुठं गेला, ते साऱ्या गावाला ठाऊक होतं. छप्पर बसल्यावर घराघरानं त्याचे दगड उचलले. कोणाचा उंबरा झाला, कोणाची पायरी. आमच्या न्हाणीतला धुण्याचा दगडही तिथलाच — दावं ओवायचं भोक अजून आहे त्याला. आता मोजणीवाला आला म्हणजे सरकार दगड परत मागणार, या धाकानं गाव मुकं झालेलं. शेजारच्या उद्धवरावांनी तर उंबऱ्यावर पोतंच अंथरलं.

माझा धाक निराळा होता. कोठ्याची जागा सापडली की अमरदीपचं काम संपणार — अमरदीप त्याचं नाव — आणि आदिलाबादच्या सकाळच्या बसमधून तो उतरणार नाही. प्रगतीचे बाबा जाऊन तीन वर्षं झाली होती. तेव्हापासून सगळे विचारत, पोरगी जेवली का? यानं दुसऱ्याच दिवशी विचारलं, "आणि तुमी?"

म्हणून मी त्याला ओढ्यापलीकडं पाठवलं. मग टेकडीवर. मग पार नदीकाठी.

"तिथं तर नुसती कापसाची पऱ्हाटी आहे," चिखलानं माखून तो परत यायचा.

"नीट पाह्यलं नसन तुमी."

"नीटच पाह्यलं. तुमी पाठवलं म्हणून जरा जास्तच."

मी घाईनं प्रगतीची चप्पल शोधू लागायची... ती तिच्या पायातच असायची.

नवव्या दिवशी तो नदीकाठाहून आला तो कुडकुडतच. चहाचा कप धरवेना त्याला. बशीत सांडलेला चहा बघत म्हणाला, "कोठा या सराईमागच्या चिंचेखाली होता. पाया लागला मला. गवतात... पहिल्याच दिवशी."

"मग काऊन हिंडून राह्यले एवढे?"

"सापडला म्हटलं असतं, तर दुसऱ्या दिवशी कायच्या निमित्तानं आलो असतो?"

मला हसूही येईना, रडूही.

"रविवारी गावाकडून माझ्या आईला घेऊन येऊ का? तुमच्या आईशी बोलाले. प्रगतीलेही विचारू आपण." मग हळूच, "पण आधी तुमी सांगा, शुभांगी..."

'हो' अगदी ओठांवर आलं होतं. पण बसचा हॉर्न वाजला, प्रगती खोकली, आणि मी नेहमीसारखी घाबरले. म्हणाले, "रविवारी सांगते." बस दिसेनाशी होईपर्यंत तो खिडकीतून बघत राहिला.

रविवार आला. तो आला नाही. फोन बंद. सोमवारी कंडक्टरला विचारलं तर म्हणाला, "नापनेवाले साब? बुखार है उनको. कमरे में पडे हैं, अकेले."

अकेले... मी खोटं सांगून नऊ दिवस पावसात हिंडवलेला माणूस! मंगळवारी पिशवी भरली, तर ओढ्याला पूर. बस बंद. आज तिसरा दिवस. एका मांडीवर प्रगती झोपली आहे, दुसऱ्या मांडीवर वही ठेवून हे लिहिते आहे. शाळेतल्या मास्तरांच्या फोनवरून याचा फोटो फिरेल, म्हणजे कुणाच्या तरी हाती पडेलच.

तुम्ही आदिलाबादेत असाल, तर कापसाच्या बाजारामागं निळ्या दाराची एक खोली आहे. जरा जाऊन बघा. दार लोटून आत जा, कपाळाला हात लावा, उशाशी पाणी आहे का पाहा. आणि तो जागा असेल, तर एवढंच सांगा... शुभांगी हो म्हणाली.