चौथ्या गाण्यापर्यंत

वेरूळच्या कैलास लेण्यात मी अर्जेंटिनाच्या अकरा पाहुण्यांना सांगत होते, की हे देऊळ वरून खाली कोरलंय, आधी कळस आणि मग पाया. पाहुणे माना वर करून बघत होते. एक मुलगा मात्र कळस सोडून माझ्याच तोंडाकडे बघत होता. गळ्यात भलेमोठे हेडफोन, पायात कंपनीचे बूट… चांगलाच आगाऊ दिसत होता.

पाहुणे फोटो काढायला पांगले तसा तो जवळ आला.

"मॅडम, तुम्हाला स्पॅनिश येतं?"

"छे! मघापासून कानडी बोलत होते."

तो हसलाच नाही. घाबरला होता बिचारा. "एका गाण्याचा अर्थ सांगता का? लई दिवस झाले, कोणी भेटंना. मी डीजे आहे."

डीजे म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर ट्रकवर रचलेली स्पीकरची भिंत आली. "गारखेड्यात आमचं घर अगदी रस्त्यावर आहे. तुमच्या कृपेने दर मिरवणुकीला खिडक्या थरथरतात."

"तसला नाय हो! टँगोचा."

आणि त्याने हेडफोन माझ्या कानांवर ठेवले. ऐंशी वर्षांपूर्वीची खरखरती रेकॉर्ड. आत कुठलंतरी वाद्य श्वास घेत होतं, अगदी माणसासारखा. अंगावर काटा आला माझ्या.

"आई गेलीय त्याची," मी सांगितलं. "तिच्या खोलीतला दिवा विझवायला हात धजत नाही, असं म्हणतोय."

तो पांढराफटक पडला. "अरे देवा… मी हे एकाच्या लग्नाच्या वाढदिवसाला वाजवलं!" मग जरा थांबून म्हणाला, "पण कोणीतरी रडतंय, एवढं कळत होतं. म्हणून ह्याच्यामागं दोन हसरी ठेवली होती."

एक शब्दही न कळता त्याला सगळं कळलं होतं. मी, तनुजा, स्पॅनिशची पदवी घेतलेली, त्याच्याकडे बघतच राहिले.

त्याचं नाव बुद्धभूषण. मूळचा सिल्लोडचा. दिवसभर वाळूजच्या कंपनीत बेअरिंग फिरवून नुसत्या आवाजावरून खराब माल बाजूला काढायचा. वडील गायन पार्टीत पेटी वाजवायचे, भीमगीतांची. कान तिथलाच. त्या दिवसापासून रोज एक गाणं माझ्या फोनवर येऊ लागलं आणि मी अर्थ सांगू लागले. मग अर्थ दोन मिनिटांत संपायचा आणि आमचं बोलणं तासभर चालायचं.

मंगळवारी लेणी बंद असतात. त्या संध्याकाळी सुलेखाताईंच्या दवाखान्यावरच्या हॉलमध्ये बाराचौदा जण टँगो नाचायचे. ताई हाडांच्या व्यायामाच्या डॉक्टर, हे वेड त्यांनीच गावात आणलेलं. मी पावलं शिकायला जाऊ लागले. खरं सांगू? मी त्याला बघायला जायचे.

तो कोपऱ्यात लॅपटॉपशी बसून सगळ्यांच्या पायांकडे बघायचा. ताईंचा गुडघा दुखायला लागलाय हे ताईंच्या आधी त्याला कळायचं, आणि पुढची गाणी संथ यायची. नवीन जोडी बुजलेली दिसली की ठेका सोपा व्हायचा. एकाच वाद्यवृंदाची चार गाणी, मग वीस सेकंद भलतंच संगीत, त्याला पडदा म्हणतात. पडदा वाजला की सगळे खुर्च्यांवर जायचे आणि नव्या जोड्या जमायच्या. तेही न बोलता. लांबून नजर भिडवायची, मान जराशी हलवायची… झालं.

त्याचा पडदा म्हणजे वडिलांची पेटी होती, त्याने फोनवर टिपलेली.

"ह्याच्या पुढं काय आहे?" मी एकदा विचारलं.

"पुढं बाबा बोलतात." त्याने बोट बटणावरच ठेवलं होतं. "दोन वर्षं झाली जाऊन. तेवढं नाय ऐकवत मला. वीस सेकंदाला कापतो."

चौथ्या मंगळवारी त्याने मान वर केली. माझ्याकडे बघितलं. मान हलवली.

पहिलं गाणं कसं गेलं ते मला सांगता येणार नाही. त्याचा तळवा माझ्या पाठीवर होता आणि पुढचा सूर कुठे वळणार हे मला आधीच कळत होतं. गाणं संपलं. मी भारावून नमस्कार केला आणि खुर्चीवर जाऊन बसले.

तो हॉलच्या मधोमध उभा राहिला. मग मान खाली घालून लॅपटॉपकडे गेला.

त्यानंतर त्याने माझ्याकडे बघितलंच नाही. फोनवर गाणं येईना. एक मंगळवार, दोन, तीन… मी रागावले, रडले, स्पॅनिशमधून शिव्यासुद्धा दिल्या. शेवटी तिसऱ्या मंगळवारी हॉलच्या दारात चहा घेताना ताईंनी मला धरलं.

"काय गं, आवडत नाही का तुला तो? मग सरळ सांगायचंस. भर हॉलमध्ये सोडून आलीस पोराला!"

"मी? गाणं संपलं होतं, ताई!"

"चार असतात, वेडे. एकदा हो म्हटलं की चौथ्यापर्यंत थांबायचं. मधूनच उठणं म्हणजे… 'पुरे झालास तू.' ह्याच्याहून मोठा नकार नाही आमच्यात."

त्या हॉलमध्ये मी नाचणाऱ्यांकडे कधी नीट बघितलंच नव्हतं, फक्त त्याच्याकडे. अर्थ सांगणारी मी, आणि रीतच मला ठाऊक नव्हती. आता तोंडाने सांगून भागणार नव्हतं. त्याने एकदा वर बघायला हवं होतं, आणि तो तर फक्त पाय बघत होता.

ठीक आहे. पाय तर पाय.

पडदा वाजला. सगळे खुर्च्यांकडे गेले. मी हॉलच्या मधोमध उभी राहिले. वीस सेकंदांनी त्याने पेटी कापली. माझे पाय तिथेच. जागा मोकळी झाल्याशिवाय त्याला पुढचं सुरू करता येईना.

त्याने मान वर केली.

मी नजर हलवली नाही. या वेळी मीच मान हलवली.

त्याने चार गाणी लावली आणि आला. "बसायचं असंल तर आत्ताच सांग," हळूच म्हणाला.

"मला माहीत नव्हतं रे. शपथ."

"व्हय?" त्याचा चेहरा असा उजळला, की मला रडूच आलं.

पहिलं गाणं संपलं. मी थांबले. दुसरं संपलं. तिसऱ्याला तो म्हणाला, "ह्याचा अर्थ?"

"तूच सांग."

"कोणीतरी परत आलंय."

"बरोबर," मी म्हणाले, आणि ते खरंच बरोबर होतं.

चौथं संपलं आणि पेटी सुरू झाली. वीस सेकंद झाले. कापायला लॅपटॉपशी कोणीच नव्हतं. माझ्या हातातला त्याचा हात ताठ झाला.

"जा, बंद कर," मी म्हणाले.

तो हलला नाही. पेटी थांबली. भाता मिटल्याचा आवाज झाला आणि एक खर्जातला, हसरा आवाज हॉलभर पसरला.

"ए भूषण, उठू नको रे. एवढ्यात कुठं चालला? अजून हाय."

त्याने डोळे मिटले. पाणी गालांवर आलं, ते त्याने पुसलंही नाही.

"मला तू आवडतोस," मी म्हणाले. "मी कुठंही जात नाहीये."

"मला तर वेरूळपासूनच…" एवढंच त्याला जमलं.

वडिलांनी दुसरं गाणं धरलं. तो काही टँगो नव्हता, पण आम्ही त्यावर नाचलो.