निनादच्या हातची पट्टी

हादियाला त्या दुपारी चाळीस मोजमापं घ्यायची होती, एवढंच काम.

खारघरच्या त्यांच्या कॉलेजात लेसरची खोली तळमजल्यावर. खिडक्यांना जाड काळे पडदे, त्यामुळे भर दुपारीही आत मिट्ट काळोख. कोंदट वास. टेबलावर बोटभर लांबीची, रबरासारखी लवचिक पट्टी. तिच्यात क्वांटम डॉट म्हणजे डोळ्यांना न दिसणारे कण पेरलेले. निळा प्रकाश टाकला की पट्टी स्वतःच लेसर होऊन उजळे. ताणली की हिरव्याची लाल होई, सोडली की पुन्हा हिरवी. ती निनादने केलेली. तो हादियाचा सीनियर. डिसेंबरात छातीत कळ येऊन गेला. त्याच्या हातची एवढीच पट्टी उरली होती.

तिने पट्टी दोन चिमट्यांत अडकवली. स्क्रू फिरवायचा, आकडा लिहायचा. एकविसाव्या मोजमापाला, स्क्रूवर हात नसताना, हिरवा रंग पिवळसर झाला. मग हिरवा. परत पिवळसर.

तिने एसी बंद केला, टेबल दाबून धरलं. फरक नाही. घड्याळ लावून मोजलं. मिनिटाला सोळा वेळा. माणूस गाढ झोपेत श्वास घेतो तसं.

तिने दार किलकिलं केलं. बाहेर शिपाई जगनकाका बसले होते, जवळच्या ओवे गावचे.

"काका, वर मशीन चालू आहे का?"

"नाय बाय, वर कुलूप हाय. का गो?"

"काही नाही..."

ती परत आत आली. साडेतीन वाजत आले होते. लेसर बंद करता आला असता. त्याऐवजी चार महिने कुणालाच न सांगितलेलं ती बोलली. तो गेला त्या संध्याकाळी निनादचे तीन फोन आले होते, आणि ती इथेच मोजमापं घेत होती.

"निनाद... फोन सायलेंटवर होता रे. खरंच."

रंग थांबला. क्षणभर गर्द लाल झाला. मग पुन्हा सुरू झाला, आधीपेक्षा संथ. हादिया तिथेच स्टुलावर बसून पोटभर रडली. भीती म्हणून वाटलीच नाही. मग लेसर बंद करून ती पनवेलला घरी गेली.

दुसऱ्या दिवशी तिच्या गाइड सुमती मॅडमनी तिच्यासमोरच संगणकावर आपोआप झालेली रंगांची नोंद उघडली.

"एका पट्टीतून एका वेळी एकच रंग निघतो, हादिया. साडेतीनच्या पुढे दोन दिसतायत. दुसरी पट्टी कुठली लावलीस?"

"नाही लावली, मॅडम."

हादिया संगणकाच्या पडद्याकडे वाकली. एक रेघ संथ वरखाली होत होती. तिच्याखाली दुसरी, बारीक, घाईघाईची... धाप लागल्यासारखी.

हाक तर तिने एकालाच मारली होती.