मामांचं अस्सल विमान आणि मामीची उशी

"माझ्या विमानात मागविन्या कोणी खाल्ली?"

दितिरोमामांचा आवाज गॅरेजमधून थेट स्वयंपाकघरात आला. गोफाओनेने हातातला मागविन्याचा गरम गोळा, पिठाचा, तेलात तळलेला, झटकन पाठीमागे लपवला. मोलोकीने तोंडातला न चावताच गिळला. सहा वर्षांच्या पाकोने तेलकट बोटं शर्टाला पुसली आणि आपण त्या गावचेच नाही असा चेहरा केला.

विमान म्हणजे विमान नव्हतंच, हीच तर सगळी रड होती. माउन गावात खरी विमानं काही कमी नाहीत. दिवसभर पर्यटकांना घेऊन ती डोक्यावरून इतकी घरघरत असतात की कपडे वाळत घालणारं माणूस मान वर करून बघतही नाही. मामांच्या विमानाला मात्र पंख नव्हते, शेपूट नव्हतं, इंजिनही नव्हतं. होतं ते नुसतं कॉकपिट, वैमानिक बसतो तेवढीच जागा. भंगारातून आणलेली खरी सीट, खरं दार, खरी बटणं आणि या सगळ्याच्या डोक्यावर कॉम्प्युटरला जोडलेला भला मोठा टीव्ही. कळ फिरवली की टीव्हीवर धावपट्टी हजर. हे विमान गॅरेजात सावलीत, आणि मामांची खरीखुरी पिकअप बारा महिने बाहेर उन्हात.

मामांचा आवडता शब्द होता 'अस्सल'. दार दोनदा आपटल्याशिवाय लागत नसे, कारण खऱ्या विमानाचंही लागत नाही. सीटखाली पेट्रोलमध्ये बुडवलेलं फडकं, ते अस्सल वासासाठी. त्या फडक्यापायी मामी अधूनमधून घर सोडून जायची धमकी देई.

गोफाओने फ्रान्सिसटाउनहून सुट्टीला आली होती ती मामेभावांबरोबर नदीवर हुंदडायला. आणि करत काय होती? स्वयंपाकघरात उभी राहून वॉकीटॉकीवरून मामांना 'उतरायला परवानगी आहे' असं सांगत होती. एकदा कंटाळून ती नुसतं 'हो, उतरा' म्हणाली, तर मामांनी टीव्हीवरच्या आभाळात आणखी एक चक्कर मारली आणि पुन्हा रीतसर परवानगी मागितली. वैताग नुसता!

त्याच दुपारी केनोसीताई घरी आली. ही गोफाओनेची मोठी बहीण. मामांकडे राहून ती खरं विमान चालवायला शिकत होती. तिने हेडफोन सोफ्यावर टाकला आणि शेजारी स्वतःही कोसळली.

"पुन्हा आपटलं," ती म्हणाली.

उतरताना विमान जमिनीलगत आलं की त्याचं नाक अलगद उचलायचं असतं. ताईचा तिथेच घोळ व्हायचा. कधी फार लवकर उचले, कधी फार उशिरा, आणि विमान धावपट्टीवर पोत्यासारखं पडे. तिला शिकवणाऱ्या कॅप्टन मोस्वेऊंनी आज सांगून टाकलं होतं, की शनिवारी शेवटची संधी. तेव्हाही आपटलं तर एकटीने उडायचं नाव काढायचं नाही, आणि उड्डाणशाळेतली तिची जागा दुसऱ्याला.

आणि चमत्कार असा, की गॅरेजातल्या विमानात हीच ताई पीस पडावं तशी अलगद उतरत असे.

"घाबरतेस तू. दुसरं काही नाही," मामांनी निकाल दिला. "सराव वाढव."

ताई चाचरत म्हणाली, की तिथे पुढचं नीट दिसत नाही, तर बसायला एखादी उशी नेऊ का? ताई उंचीने तशी बेताचीच. मामा इतके हसले की त्यांना ठसका लागला.

"उशी? माझ्या विमानात लागते का तुला उशी? सीटची उंची इंचाइंचाने मोजून बसवलीय मी. इथे दिसतं ते तिथे दिसलंच पाहिजे."

ताईने मान खाली घातली. गोफाओनेला रडूच आलं. चालायला लागल्यापासून ताईला एकच गोष्ट हवी होती, आणि ती आता शनिवारवर येऊन लटकली होती.

दुसऱ्या दिवशी मामा बल्ब आणायला बाजारात गेले. डॅशबोर्डवरचा बल्ब फार पांढरा होता म्हणे, अस्सल पिवळा हवा होता. त्यांची पाठ वळताच तिघं गॅरेजात घुसली. मोलोकीने टीव्हीतलं विमान सरळ नदीत घातलं. मग पाको बसला. सीटमध्ये तो इतका रुतला होता की मागून नुसती सीटच दिसत होती. आणि पठ्ठ्याने विमान बरोबर धावपट्टीवर उतरवलं!

मोलोकी तणतणत बाहेर निघाला. गोफाओने मात्र जागची हलली नाही.

"पाको, तुला तिथून धावपट्टी दिसते?"

"अख्खी दिसते."

"मग पिकअपमध्ये का बोंबलतोस रस्ता दिसत नाही म्हणून?"

"तिकडे नाहीच दिसत," पाको फणकारला. "तिकडे आभाळच असतं नुसतं."

गोफाओनेने मोलोकीला परत आत ओढलं. टीव्हीवर धावपट्टी जिथे सुरू होत होती तिथे तिने चिकटपट्टीचा तुकडा लावला. मग तिघंही आळीपाळीने सीटवर उभी राहिली, वाकली, शेवटी सीट सोडून खाली फरशीवर बसली. धावपट्टी चिकटपट्टीपासून तसूभरही हलली नाही. नंतर ती पिकअपमध्ये गेली आणि तोच तुकडा पुढच्या काचेवर लावला. इथे नुसती मान खाली घेतली की फाटक गायब, कोंबड्या गायब, अंगण गायब!

"म्हणजे टीव्हीला माहीतच नाही आपण कुठे बसलोय ते," मोलोकी हळूच म्हणाला. "तो सगळ्यांना बाबांच्याच उंचीवरून दाखवतो."

"आणि ताईला तीच सवय लागलीय. खऱ्या विमानात तिला जमीनच दिसत नसणार. अंदाजाने उतरते ती."

दोघं धावत ताईकडे गेली, तर ताई उलट त्यांच्यावरच डाफरली. मामा पंधरा वर्षं विमान चालवताहेत, त्यांना कळत नाही आणि तुम्हाला कळतं?

"गॅरेजात चालवताहेत," मोलोकी पुटपुटला आणि पाठीत धपाटा खाऊन परतला. मामांनी तर ऐकूनच घेतलं नाही. ते दोन पिवळे बल्ब शेजारी धरून त्यांतला जास्त पिवळा कोणता ते बघत होते. या मोठ्या माणसांना सांगावं तरी कसं! गोफाओने चिडून अंगणभर फिरली आणि फिरता फिरता तिला सुचलं.

शुक्रवारी मामांचे मित्र जमले. तेही सगळे गॅरेजातलेच वैमानिक. आल्याबरोबर त्यांचा डॅशबोर्डच्या राखाडी रंगावरून वाद जुंपला. फिका की गडद यावर अर्धा तास गेला. तेवढ्यात गोफाओने भोळा चेहरा करून आत आली.

"मामा, मोलोकी म्हणतो, फरशीवर बसून विमान उतरवणं तुम्हाला जमायचं नाही."

मामांनी मोलोकीकडे असं पाहिलं की तो दोन पावलं मागे सरला. मग त्यांनी सीट काढली, फरशीवर फतकल मारली आणि हात वर ताणून विमान झकास उतरवलं. मित्रांनी टाळ्या वाजवल्या.

"आता पिकअप," गोफाओने म्हणाली. "तशीच खाली बसून. फाटकापर्यंत. तेही जमेल ना, मामा?"

एवढ्या लोकांसमोर मामा नाही कसे म्हणणार? सगळे ओसरीवर उभे राहिले. मामा पिकअपच्या सीटवरून खाली घसरले, इतके की बाहेरून त्यांची टोपीच काय ती दिसत होती.

"काय दिसतं?" मोलोकीने ओरडून विचारलं.

"आभाळ."

"आणखी?"

"आभाळच," आतून घुश्शात उत्तर आलं.

पिकअप गोगलगायीसारखी निघाली. फाटक डावीकडे होतं, ती उजवीकडे गेली. मामीची कपडे वाळत घालायची दोरी तुटली, दोन ओल्या चादरी काचेवर पसरल्या आणि कोंबड्यांचं पाण्याचं भांडं चेपून गाडी थांबली. मामी बाहेर येऊन जे बोलली ते इथे सांगण्यासारखं नाही.

मित्र पोट धरून हसत होते. मामा मात्र हसले नाहीत. चादरीखालून बाहेर येऊन ते सरळ ताईसमोर उभे राहिले.

"केनोसी, तुला तिथे असं दिसतं?"

"जवळजवळ असंच," ताई म्हणाली. "आधी विमानाचं नाक आणि मग आभाळ."

"आणि मी तुला घाबरट म्हणालो," मामा म्हणाले. "माप मी माझ्या उंचीने घेतलं, पोरी. चूक माझी आहे."

शनिवारी ताई विमानतळावर गेली ती मामीची बैठकीतली नारिंगी, झालरीची उशी काखेत मारून. शरमेने तिचे कान तापले होते. कॅप्टन मोस्वेऊंनी उशीकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारून घेतला.

"इथले अर्धे वैमानिक उशी घेऊन येतात," ते म्हणाले. "तू कधी मागितली नाहीस, म्हणून मला वाटलं तुला सगळं दिसतंय. माझंही चुकलंच. बस."

बाकीचे सगळे कुंपणाच्या जाळीला नाक लावून उभे होते. विमान वर गेलं, वळलं, खाली आलं. नाक अलगद उचललं गेलं आणि चाकं टेकल्याचा आवाजसुद्धा झाला नाही. पुन्हा एकदा तसंच. मग विमान थांबलं, कॅप्टन दार उघडून खाली उतरले, ताईला हात केला आणि बाजूला झाले.

ताई एकटी उडाली. मामांनी डोळ्यांवर टोपी ओढली, पण पाकोने खालून पाहिलंच, आणि बाबा रडताहेत असं सगळ्यांना सांगितलं.

परत आल्यावर ताईने सगळी हकीकत सांगितली, तेव्हा कॅप्टननी तिघांशी एकेक करून हात मिळवला. इतक्या दिवसांत आपल्याला सुचला नाही तो प्रश्न या पोरांना सुचला, असं त्यांनी सगळ्यांसमोर कबूल केलं. ताईने गोफाओनेला मिठी मारली. कसं वाटलं, असं गोफाओनेने विचारलं.

"जमीन दिसली," ताई म्हणाली. "शेवटपर्यंत दिसत होती."

रविवारी सकाळपासून गॅरेजात ठोकाठोक चालली होती. दुपारी मामांनी तिघांना आत बोलावलं. टीव्ही आता डॅशबोर्डच्या डोक्यावर नव्हता, त्याच्या मागे खाली बसवलेला होता. पाको धावत जाऊन सीटवर बसला आणि लगेच त्याने भोकाड पसरलं.

"मला धावपट्टी दिसत नाही!"

"अस्सल!" मामा खूश होऊन म्हणाले. मग त्यांनी पाठीमागून मामीची नारिंगी उशी काढली, पाकोला उचलून तिच्यावर बसवलं आणि त्याच्या हातात एक गरम मागविन्या ठेवली.

"खा," ते म्हणाले. "पण बटणांना हात लावण्याआधी बोटं पूस."