स्टार्टरची तार

ही घडलेली गोष्ट आहे. चार तोंडांतून फिरून माझ्यापर्यंत आलेली नाही. जिच्या हातात ते गिटार होतं त्या माझ्या मावसबहिणीनं, स्वप्नानं, ती मला सांगितली. शेवटचा भाग तर मी स्वतः तिथे बसून पाहिला.

रात्र नव्हती. अमावस्याही नव्हती.

वैशाखातली भर दुपार होती. जागा होती धारूरच्या घाटाजवळची एक वाडी आणि तिथलं पत्र्याचं घर.

स्वप्ना धारूरच्या ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते. तिचा नवरा बंकट शेती बघतो आणि घरची मेंढरं राखतो. घरात तिसरं माणूस म्हणजे रोहिणी, स्वप्नाची मोठी जाऊ. रोहिणीचा नवरा शहादेव दोन वर्षांपूर्वी विहिरीत शॉक लागून गेला.

एवढीच माणसं. घराला शोभेसं नाही असं एकच काहीतरी त्या घरात होतं... स्वप्नाचं इलेक्ट्रिक गिटार.

शिकायला बाहेर होती तेव्हा तिला ब्लूजचा नाद लागला होता. रोहिणीनं एकदा विचारलं, "हे कुणाचं गाणं गं?"

"अमेरिकेत कापसाच्या रानात राबणारी काळी माणसं होती, आक्का. त्यांचं."

"म्हंजी आपल्यासारखी कापूस येचणारीच की," रोहिणी म्हणाली आणि तिथंच उंबऱ्याला टेकून बसली. शहादेव गेल्यापासून ती कुठंच अशी बसत नसे. त्या दिवसापासून रोज दुपारी बसू लागली.

पावसाळ्याआधी संभाजीनगरला जुन्या मित्रांसोबत वाजवायचं ठरलं होतं. अडचण गिटारच्या पिकअपची होती. पिकअप म्हणजे तारांखाली बसवलेलं चुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या तारेचं वेटोळं. गिटारची तार थरथरली की ती थरथर तेच ऐकतं आणि पुढे स्पीकरला पाठवतं. स्वप्नाच्या स्वस्तातल्या गिटारचे पिकअप कर्कश होते. ब्लूजला असा आवाज चालत नाही. आवाज मोकळा हवा, थोडा दबका, बोटाचा दाब ओळखणारा.

तिनं एक पिकअप कुरिअरनं मागवला. कारखान्यात बनलेला, मेणात बुडवून घट्ट केलेला. पण मेणानं आवाज जरा गुदमरतो. म्हणून दुसरा, बिनमेणाचा, हातानं गुंडाळून घ्यायचा असं तिनं ठरवलं. दोन्ही वाजवून बघायचे आणि चांगला तो ठेवायचा.

धारूरच्या बाजारात अजिनाथचं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. जळालेल्या मोटारी तो पुन्हा गुंडाळून देतो.

"पिकअप?" तो हसला. "मला वाटलं पिकअप गाडी घेताव का काय, वैनी! टोमॅटो न्यायला!"

तिनं चित्र काढून दाखवलं. त्यानं चित्र उलटंसुलटं करून पाहिलं.

"केसावानी बारीक तार लागंल. हाय एक. जरा जाड पडंल."

"चालेल. फेरे कमी बसतील, ताकद कमी येईल. ब्लूजला तेच हवं असतं."

"तार कुठली?" हे मात्र तिनं विचारलं नाही.

आठवड्याभरात पिकअप तयार झाला. तिनं तो गिटारमध्ये बसवला, छोटा स्पीकर लावला आणि एक सूर छेडला.

तिच्या अंगावर काटा आला. भीतीनं नव्हे, त्या आवाजानं. इतका ओला, इतका खोल आवाज त्या गिटारमधून कधीच निघाला नव्हता.

रोहिणी उंबऱ्यावरून म्हणाली, "आता खरं बोलाय लागलं बघ ते."

वाजवून झालं. स्वप्नानं तारांवरचे हात काढले.

घरघर सुरू झाली... बारीक, एकसारखी.

यात नवल नव्हतं. घरातल्या विजेची घरघर अशा पिकअपमध्ये येतेच. तारांना हात लावला की ती कमी होते, कारण अंगातून तिला जमिनीकडे वाट मिळते. स्वप्नानं तारांवर तळवा ठेवला.

घरघर वाढली.

तिनं हात उचलला. कमी झाली. परत ठेवला.

वाढली...

कुठेतरी जोड उलटा झाला असेल, असं तिला वाटलं. ती सोल्डरिंगची सळई शोधायला उठली, तेवढ्यात लाईट गेली. पंखा थांबला. शेजारचा टीव्ही बंद पडला. सगळी वाडी गप्प झाली.

स्पीकर बॅटरीवर चालणारा होता.

आणि घरघर चालूच होती.

ज्या विजेची म्हणून ती घरघर, ती वीज वाडीत नव्हती.

स्वप्ना घाबरली नाही. तिला संशय आला. कुणाच्या घरी इन्व्हर्टर असेल. वरून मोठी लाईन जात असेल. दुसऱ्या दिवशी बंकट मेंढरं घेऊन गेल्यावर तिनं गिटार आणि स्पीकर उचलला आणि ती घाटाच्या कडेच्या माळावर गेली. तिथे खांब नाही, तार नाही. नुसते दगड, वाळलेलं कुसळ आणि ऊन.

तिनं फोन बंद केला. स्पीकर लावला. तारांवर हात ठेवला.

शांत.

तिला हायसं वाटलं. इन्व्हर्टरच असणार.

मग... थेंब पडल्याचा आवाज आला.

टप्प.

माळावर पाण्याचा थेंब नव्हता. पण तो आवाज घुमत होता. चारी बाजूंनी दगड असले की घुमतो तसा.

मग लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज. पान्हा पाईपवर फिरावा तसा. आणि कुणाचं तरी धापा टाकणं. खाली, खोल जागेत उभं राहून जोर लावणाऱ्या माणसाचं.

बिनमेणाचा पिकअप आजूबाजूचे आवाजही पकडतो, हे तिला ठाऊक होतं. जवळ तोंड नेऊन बोललं तर बोलणं स्पीकरमधून येतं. पण त्यासाठी कुणीतरी जवळ असावं लागतं.

तिनं मागे वळून पाहिलं.

कुणीच नव्हतं.

मग वरून आल्यासारखं... टक. टक.

पत्र्याच्या डब्यावर धातूनं वाजवल्यासारखं.

त्यानंतर खट्ट.

आणि घरघर. पूर्ण जोरात. धापा टाकणं मध्येच तुटलं. परत आलं नाही.

स्वप्नानं स्पीकर बंद केला.

ते "टक टक" तिनं ओळखलं होतं.

आमच्या भागात विहिरीवरच्या मोटारीच्या स्टार्टरच्या डब्यात पाली शिरतात. बटण दाबताना पाल मध्ये चिरडली तर कॉइल, म्हणजे आतलं तारेचं वेटोळं, जळते. म्हणून बटण दाबण्याआधी डबा वाजवायचा, पाल पळवायची, ही सगळ्यांची सवय. कुणी काठीनं वाजवतं, कुणी दगडानं. बंकट हातातल्या कड्यानं वाजवतो. दोनदा, मध्ये थोडं थांबून. लग्न होऊन आल्यापासून स्वप्ना ते ऐकत आलीय.

शहादेव कसा गेला, हे वाडीत सगळ्यांना माहीत होतं. लाईट नव्हती म्हणून तो पाईपच्या तोंडातला गाळ काढायला विहिरीत उतरला. स्टार्टरला ऑटो लावलेलं होतं. लाईट आली की मोटार आपोआप सुरू होते, रात्री-अपरात्री शेतात जावं लागत नाही, म्हणून घरोघर असं ऑटो लावतात. उतरण्याआधी ते बंद करायला तो विसरला. लाईट आली, मोटार सुरू झाली, पाण्यात करंट उतरला. कुणाचाच दोष नव्हता.

पण ऑटो डबा वाजवत नाही.

डबा माणूस वाजवतो...

त्या दिवशी बंकट धारूरच्या बाजारात होता. निदान तो तसं म्हणाला होता.

स्वप्ना माळावरून घरी गेलीच नाही. गिटार पाठीला लावून ती सरळ अजिनाथच्या दुकानात गेली.

"तार कुठली होती?"

अजिनाथ हातातली मोटार खाली ठेवेना. "कावून? तुटली का?"

"तार कुठली, अजिनाथभाऊ?"

"स्टार्टरच्या कॉइलची." त्यानं मान वर केली नाही. "तुमच्याच घरचा स्टार्टर. बंकटभाऊनं आणून दिलता. म्हणले, मोडीत घाल, कुणाला बोलू नको. मी म्हणलं, चांगली तार हाय, कावून वाया घालायची? वैनी, मला ठावं होतं कुठला हाय ते. तुमचीच वस्तू तुमच्याच घरात जातीय म्हणून दिली. चुकलं का माझं?"

तिथे एक रीत आहे. ज्या वस्तूनं घरातलं माणूस नेलं ती परत वापरात आणायची नाही, विकायची नाही. शेताच्या बांधाला खड्डा करून पुरायची. शहादेवचा स्टार्टर पुरला असं बंकटनं सगळ्यांना सांगितलं होतं. त्या जागेवर रोहिणी दर अमावस्येला नारळ ठेवत होती.

संध्याकाळी बंकट मेंढरं कोंडून आला. हातपाय धुऊन जेवायला बसला. रोहिणी गोठ्यात होती.

"दादांचा स्टार्टर तुमी कुठं पुरला हो?" स्वप्नानं भाकरी वाढता वाढता विचारलं.

"बांधाला. लिंबाखाली. कावून?"

"आक्का म्हणत होत्या, जागेला चौथरा बांधावा."

"बांधू की." तो जेवत राहिला. मग म्हणाला, "घाई काय हाय."

"त्या दिवशी तुमी बाजारातून कधी आलता?"

बंकटचा घास हातातच राहिला.

"तुला म्हाईत न्हाई का? निरोप आला तवा आलतो. आन् आज हे कुठून काढलं?"

"सहज."

तो तिच्याकडे बघत नव्हता. भिंतीला टेकवलेल्या गिटारकडे बघत होता.

"ते काढून टाक त्यातलं," तो म्हणाला. "दुसरं आलंय न्हवं कुरिअरनं? ते बसव. ह्याच्यात लई घरघर हाय."

स्वप्नानं त्याला पुढची भाकरी वाढली.

तो पिकअप तिनं बंकट घरी असताना एकदाही वाजवला नव्हता.

तिनं मला फोन केला तो दुसऱ्या दिवशी. सगळं क्रमानं सांगितलं, प्रयोगाची नोंद सांगावी तसं. मी म्हणाले, बंकटनं ती घरघर बाहेरून ऐकली असेल. म्हणाली, असेल. मी म्हणाले, तसा डबा अर्धी वाडी वाजवते. म्हणाली, हो. मी म्हणाले, स्टार्टर मोडीत दिला कारण तो डोळ्यांसमोर नको झाला असेल. म्हणाली, तेही असेल.

मग म्हणाली, "पण मला त्याच्या शेजारी झोपायचं असतं गं."

काढून टाक, मी सांगितलं. ती सळई तापवून बसलीसुद्धा. तेव्हा उंबऱ्यावरून रोहिणी म्हणाली,

"काढू नको."

स्वप्नानं वर पाहिलं.

"आक्का, तुम्हाला काय ऐकू येतं त्यात?"

रोहिणी पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"पाण्याचा आवाज येतो का? डबा वाजल्याचा?"

"तुला तेवढंच येतं?" रोहिणी म्हणाली.

त्यावर पुढे तिनं तोंड उघडलं नाही. आजपर्यंत नाही.

स्वप्नानं मग मधला मार्ग काढला. गिटारमध्ये दोन पिकअपना जागा असते आणि कुठला बोलावा हे ठरवायला बाजूला एक छोटा खटका असतो. अजिनाथचा तिनं जागेवर ठेवला. कुरिअरचा शेजारी बसवला. संभाजीनगरला नव्यावर वाजवलं. लोकांना आवडलं. ती म्हणते, आवाज स्वच्छ होता, पण त्यात माणूस नव्हतं.

दुपारी बंकट गेला की रोहिणी उंबऱ्यावर येऊन बसते आणि हळूच म्हणते, "ते दुसरं लाव."

स्वप्ना खटका फिरवते आणि तिथून उठून जाते. मागे रोहिणी एकटी असते. कधी कधी ती बोलल्याचा आवाज येतो. उत्तर ऐकू येत नाही...

दिवाळीत मी तिथे गेले. खरं सांगायचं तर, मला तो आवाज ऐकायचा होता. मीही विज्ञान शिकलेली आहे, मला कारण सापडेल असं वाटत होतं. पण स्वप्ना म्हणाली, "राहू दे. तुला घरी परत जायचंय, मला इथंच राहायचंय." मी पुन्हा विचारलं नाही.

दुपारी बंकट अचानक लवकर आला. आत स्वप्ना गिटार वाजवत होती. कुठला पिकअप होता मला माहीत नाही, मी ओसरीवर होते. मला आतून फक्त सूर ऐकू येत होते. बंकटला काय ऐकू आलं कुणास ठाऊक, तो अंगणातच उभा राहिला. उन्हात, मेंढरांमध्ये. वाजणं थांबेपर्यंत पुढे आला नाही.

नंतर आम्ही जेवायला बसलो. रोहिणी वाढत होती. शांतपणे, नीट, सगळ्यांना आग्रह करत. माझ्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवला. स्वप्नासमोर ठेवला.

बंकटसमोर ठेवला नाही.

मला वाटलं, विसरली. मी माझा तांब्या त्याच्याकडे सरकवला. रोहिणीनं एक शब्द न बोलता तो उचलला आणि परत माझ्यापुढे ठेवला.

बंकटनं पाणी मागितलं नाही.

ठसका लागला तरी मागितलं नाही. जेवण संपवलं, ताटाला हात जोडले, उठला. दाराशी काठोकाठ भरलेला माठ होता, त्याच्या शेजारून गेला. अंगण ओलांडून पलीकडच्या घरासमोर उभा राहिला आणि खालच्या आवाजात म्हणाला,

"जरा पाणी देता का?"

शेजारीण तांब्या घेऊन बाहेर आली. ती का म्हणून विचारत नव्हती. तिला सवय झालेली दिसत होती.

स्वप्ना ताटाकडे बघत राहिली. मी तिला तेव्हा काही विचारलं नाही.

अजूनही विचारलेलं नाही.