खुबा ब्रास बँड

"काहो, बँडवाल्याच्या लग्नात बँड कोन वाजवते?"

समिक्षानं एका दमात विचारून टाकलं. पैज नगमानं लावली होती, आणि सगळ्या पोट्ट्या समोरच्या रसवंतीआड तोंडावर ओढण्या दाबून उभ्या होत्या.

ट्रम्पेट पुसणाऱ्या मुलानं मान वर केली. कुलदीप. तिच्याच शाळेत, बारावीला... पण बोलणं असं कधी झालंच नव्हतं.

"आमचाच बँड वाजवते," तो गालात हसला. "काहून? लग्न ठरलं का कोनाचं?"

"तिचं!" समिक्षानं थेट नगमाकडं बोट दाखवलं. रसवंतीआड एकच किंकाळी, आणि पोट्ट्या पसार!

पैज जिंकली होती. आता निघायचं... पण पाय काही निघेनात. म्हणून तिनं दुकानाची पाटी वाचली.

"खुबा ब्रास बँड? हा खुबा तुमचा कोन?"

"कोनी नाई. देश हाय तो. क्युबा."

त्याचे पणजोबा अकोल्यातल्या एका कापसाच्या जिनिंगच्या साहेबाकडं माळी होते. बंगल्यावर तबकडी लागायची, क्युबातल्या एका नाचाच्या बँडची. तो बँडही म्हणे असाच, बापाकडून लेकाकडं चालत आलेला. पणजोबांनी झाडांना पाणी घालता घालता ती चाल कानात भरून घेतली, वरातीच्या ड्रमवर बसवली आणि त्याच देशाचं नाव पाटीवर लिहायला सांगितलं. पेंटरला क्युबा कुठला ठाऊक? त्याला 'खूब' ठाऊक होतं! तेव्हापासून सारं वऱ्हाड वरातीत ओरडतं, "खुबा लावा हो, खुबा!"

कुलदीपनं त्या चालीचा ठेका ट्रम्पेटच्या पेटीवर बोटांनी वाजवून दाखवला. तीन ठोके... जरासा दम... मग दोन. समिक्षाची बोटं दप्तरावर कधी चालू लागली, तिलाही कळलं नाही. शाळेच्या परेडमध्ये साईड ड्रम तीच तर वाजवायची! तो थांबला, ती वाजवतच राहिली.

"अरे..." तो हळूच म्हणाला, "तुले त जमते."

मग काय, रोज शाळा सुटली की तिचा रस्ता बँडच्या दुकानाच्या अंगणातून जाऊ लागला. कुलदीप संत्रं सोलायचा आणि चाखून चाखून गोड फोडी तिच्याकडं सरकवायचा.

"आंबट सगळ्या तूच खातं का रे?"

"सवय हाय. तू रोज चिडवतं ना."

पण एका संध्याकाळी संत्रं त्याच्या हातात तसंच राहिलं.

"उत्तमकाकाचा हात थरथरून राहिला," तो म्हणाला. उत्तमकाका म्हणजे बँडचे जुने ड्रमवाले. "आबा म्हनते, परतवाड्याचं लग्न वाजवलं की बँड बंद. खुबा वाजवनारा नाई, त बँड कायचा? मंग मी पुण्याले जाईन, मामाकडं."

 समिक्षानं कोपऱ्यातला ड्रम गळ्यात अडकवला. तीन... दोन. तीन... दोन. आतून त्याचे आजोबा, शेषराव आबा, काठी टेकत दारात आले, डोळे मिटून ऐकत राहिले.

"पोट्टी वाजवते!" ते म्हणाले. "आमच्या बँडात आजवर पोट्टी नाई वाजवली." मग त्यांनी काठीनं तोच ठेका जमिनीवर धरला. "...पन आजवर कोनी असं वाजवलंबी नाई. मायबाप हो म्हनतीन का वं?"

आबा आत गेले. समिक्षानं काड्या परत द्यायला हात पुढं केला, तशी कुलदीपची बोटं तिच्या बोटांवर जराशी थांबली.

"येशीन ना? बँडले... लय गरज हाय तुई."

"फकत बँडले?"

त्याचे कान लाल झाले. "मलेबी."

 समिक्षानं काड्या परत दिल्याच नाहीत. दप्तरात घालून थेट घरी आली.

आई भाकर थापत होती, बाबा जेवायला बसले होते.

"आई, बाबा, ऐका. परतवाड्याच्या वरातीत खुबा बँडचा ड्रम मी वाजवनार हाय. इचारून नाई राहिली, सांगून राहिली. तुमी दोघंबी नाचाले या..." तिनं दम घेतला. "अन् आई, ट्रम्पेटवाल्याले जरा नीट पाहून घेजो."